गार इंजिनाचा आवाज

महेशने ती गाडी आणली तेव्हा सुरतेतल्या बमरोलीच्या त्या गल्लीत तिला वळायलासुद्धा जागा नव्हती. काळी, लांबलचक, परदेशी गाडी. एका हिऱ्याच्या व्यापाऱ्याने नऊ वर्षं वापरून विकलेली, पण रुबाब जराही उतरलेला नाही. लग्नसराईत नवरानवरीला मिरवायला अशा गाडीला सुरतेत मरण नाही, असं महेशचं म्हणणं. त्याच्या आईने, प्रमिलाबाईने, चाकाखाली लिंबू ठेवलं. बहिणीने, सोनालीने, बोनेटवर स्वस्तिक काढलं. बाप हिलाल मात्र हात मागे बांधून गाडीभोवती नुसत्या तीन चकरा मारून आला. यंत्र दिसलं की त्याला आधी नमस्कार सुचत नसे, आधी त्यात तेल किती आहे ते सुचे.

सुचणारच. खानदेशातून आलेला तो सत्तावीस वर्षं लूमच्या, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या, कारखान्यात तेलवाला होता. लांब चोचीचा डबा घेऊन एकशेचाळीस लूमना रोज फेरी घालायची, आणि लूम ठणठणीत चालत असतानाच तिला तेल द्यायचं. बंद पडलेल्या लूमला मिस्त्री लागतो, तेलवाला नाही. हे काम असं मेलं विचित्र की जितकं चांगलं करावं तितकं कुणाला दिसत नाही. शेठलाही दिसलं नाही. दोन वर्षांपूर्वी नवी यंत्रं आली आणि हिलाल घरी बसला.

गाडी पुसायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं. चौथ्या दिवशी सकाळी तो बोनेट पुसत होता, आणि आत बसलेल्या महेशने गाडी सुरू केली. हिलालचा हात जागच्या जागी थांबला. कट-कट-कट. दोन सेकंद, फार तर तीन. मग सगळं गुळगुळीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही.

दुसऱ्या कुणाची गाडी असती तर त्याने दुर्लक्ष केलं असतं. पण तीन आठवड्यांवर सोनालीचं लग्न होतं. नवरा मुलगा साक्रीचा. लग्न सुरतेत, आणि पाठवणी याच गाडीतून, कोंडाईबारीचा घाट ओलांडून. हिलालच्या डोळ्यांसमोर तो घाट उभा राही, मागून येणारे भरलेले ट्रक उभे राहत, आणि ऐन वळणावर बंद पडलेल्या गाडीत नवी साडी नेसून बसलेली पोर दिसे. हे एकदा दिसलं की तो जेवण अर्धं टाकून गाडीपाशी जाई.

"महेश, इंजिनमा आवाज शे," तो म्हणाला.

"आबा, मी आतमाच बशेल व्हतू. माले काहीच ऐकू नही उनं."

येणार कुठून? आत काचा बंद, एसी चालू, वर गाणं चालू. आणि बाहेर, भिंतीपलीकडे, कारखान्यातल्या लूम रात्रंदिवस खडखडत होत्या. त्या गल्लीत माणसं बोलत नसत, ओरडत.

"तुमना कान त्या लूमनी कव्हयच खाई टाकात," प्रमिलाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "तुम्हले कथाईन ऐकू येस?"

सोनालीने संधी साधली. वस्तीतल्या शाळेत रविवारी कान तपासायचं शिबिर होतं. "आबा, चला ना. नुसतं दाखाडी येऊ."

"माले ऐकू येस ना? मंग कसाले?" हिलाल म्हणाला, आणि तो विषय तिथेच संपला.

शेवटी रोजच्या कटकटीला कंटाळून महेश त्याला कॅनॉल रोडला लक्ष्मणच्या गॅरेजवर घेऊन गेला. लक्ष्मण मूळचा बीडचा, पण मोठ्या गाड्यांचा वैद्य म्हणून त्या भागात त्याचं नाव होतं. त्याने बोनेट उघडलं, गाडी चार वेळा सुरू केली, चार वेळा बंद केली.

"कुठंय आवाज, काका?"

"बारीक शे. असा." हिलालने एका हाताच्या बोटांनी दुसऱ्या तळहातावर टकटक करून दाखवलं.

लक्ष्मणने पुन्हा कान दिला. इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं. हिलालने विचारलं, आत असं काय फिरतं जे कटकट करील? लक्ष्मण म्हणाला, टायमिंग चेन असते, इंजिनाचं वरचं आणि खालचं एका तालात ठेवणारी. हिलालला ते लगेच कळलं. लूममध्ये आडवा दोरा नेणारा धोटा क्षणभर उशिरा पोचला की उभ्या धाग्यांचा सगळा ताणा तुटतो, तसंच हे.

"ती तुटनी त?"

"तर इंजिनच गेलं म्हणा. पण ती तुटत नाय, काका. जलमभर चालती."

"मंग उघाडीसन देखी ल्या एक डाव."

लक्ष्मणने हात पुसले. माणूस वाईट नव्हता, पण पोळलेला होता. "हे बघा, कशाला उघडायलाव? मी उघडली, आन उद्या दुसरंच काही झालं, तर लोक म्हणणार लक्ष्मणनं बिघडवली. चालत्या गाड्याला खीळ घालू नये. चालू हाय तवर चालवा, बंद पडली तर मी हायेच."

बंद पडल्यावर तर कुणीही असतं, असं हिलालच्या ओठांवर आलं होतं. पण एवढा नावाजलेला मिस्त्री सांगतोय म्हटल्यावर ते शब्द त्याने गिळले.

चार दिवसांनी त्याच्या हट्टापायी महेश त्याला दुसऱ्या गॅरेजवर, विरलभाईकडे घेऊन गेला. तिथे सगळं चकाचक. विरलभाईने गाडीला वायर जोडली, लॅपटॉप उघडला आणि पाच मिनिटांत हसला. "काका, एक पण एरर नथी. मीटर जुओ, बासठ हजार किलोमीटर. अभी तो गाडी जवान है. ये मेन्टेनन्स-फेन्टेनन्स सब डराने का धंधा है."

"आबा, कंप्युटर खोटं बोलस का?" महेशने परतीच्या वाटेवर विचारलं.

पाचामुखी परमेश्वर म्हणतात. लक्ष्मण, विरलभाई, त्याचा कंप्युटर, बायको आणि मुलगा, अशी पाचही मुखं सांगत होती की आवाज नाही. आणि हिलालला तर रोज सकाळी तो येत होता. त्याचं डोकं चालेनासं झालं. आपल्या हातातच काही बिघाड झाला असेल का? त्याने फ्रिजवर हात ठेवून पाहिला, पाण्याच्या मोटरवर ठेवून पाहिला. झोपलेल्या प्रमिलाबाईच्या पाठीवरही ठेवून पाहिला, तर ती दचकून उठली आणि चहा होईपर्यंत बोलत राहिली. ती काय बोलली ते त्याला नीटसं कळलं नाही. पण सगळं ठीक चाललं होतं. फ्रिज ठीक, मोटर ठीक, बायको ठीक. फक्त गाडी सकाळी कटकट करायची, आणि दुपारी मिस्त्रीपुढे शहाण्या सुनेसारखी गप्प बसायची. आपण म्हातारपणी भ्रमिष्ट तर होत नाही आहोत ना, या विचाराने तो मनातून खरंच घाबरला. सत्तावीस वर्षांत एकच गोष्ट त्याला नक्की येत होती, यंत्र ओळखणं. तीच चुकली तर त्याच्यापाशी काय उरलं?

लग्नाला आठ दिवस राहिले. मागचा कारखाना एक दिवसाच्या सुट्टीनंतर सकाळी सुरू झाला, तेव्हा हिलाल संडासाच्या रांगेत भिंतीला टेकून उभा होता. भिंत थरथरली. पहिल्या काही फेऱ्यांना लूम कोरड्या ठोकल्या, मग लयीला लागल्या. सुट्टीनंतर हे असंच व्हायचं. उभ्या यंत्रातलं तेल खाली उतरतं, आणि पहिल्या फेऱ्याला लोखंड लोखंडावर आदळतं. हिलाल रांग सोडून तडक घरी आला.

"महेश, आपीन गरम गाडी दाखाडी राहिनूत! गॅरेजवर पोचस तवलोंग गरम व्हई जास ती. गाडी एक रात लक्ष्मणकडे ठेव. सकायमा गारच चालू करू."

महेशने डोक्याला हात लावला. पण बापाचा उतरलेला चेहरा त्यालाही बघवत नव्हता. एकच अट त्याने घातली. या वेळी काही निघालं नाही, तर पाठवणीपर्यंत गाडीचं नाव काढायचं नाही. हिलालने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला तिघं गॅरेजमध्ये उभे होते. रस्ता शांत होता. लक्ष्मणच्या एका हातात चहाचा ग्लास, दुसऱ्या हातात मोबाइल. "काकांचं भूत रेकॉर्ड करून ठिवतो," तो हसत म्हणाला. हिलालने बोनेटवर तळहात टेकवला. महेशने बाहेर उभं राहूनच दारातून हात घालून किल्ली फिरवली.

कट-कट-कट.

हिलालने लक्ष्मणकडे पाहिलं. चहाचा ग्लास ओठापाशीच थांबला होता. मग लक्ष्मण मोठ्याने काहीतरी म्हणाला आणि महेशने गाडी बंद केली. लक्ष्मणने तेलाचं झाकण काढून आत बॅटरी मारली. चेन आत दिसत होती. त्याने स्क्रूड्रायव्हरने ती दाबली, तर ती सैल झालेल्या पायजम्याच्या नाडीसारखी खाली गेली.

"चुकलो, काका," लक्ष्मण त्याच्यासमोर येऊन म्हणाला. "घाटात गेली असती ही. आन मीटरपण कुणीतरी मागं फिरवलंय. बासठ हजारात अशी चेन होत नाय." महेश खाली मान घालून उभा होता. लक्ष्मण पुढे म्हणाला, "पण एवढा मोठा खडखडाट, आन तुमी आपलं बारीक बारीक काय म्हणत होता? ऐका की." त्याने मोबाइल लावला. महेशने दचकून खांदे आखडले.

हिलालला काही ऐकू आलं नाही.

त्याने मोबाइल मागून घेतला, उजव्या कानाला लावला, मग डाव्या. लांबून गाडी जाते तशी एक घरघर होती, बस. खडखडाट नव्हता. त्याला वाटलं, यांनी दुसरंच काहीतरी लावलंय. मग त्याने मोबाइल तळहातावर पालथा ठेवला, आणि तिथे ते होतं, मुंगीच्या पावलांनी. कट-कट-कट.

लूमच्या त्या हॉलमध्ये कुणालाच काही ऐकू येत नसे. माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलत, आणि हिलाल यंत्रावर हात ठेवून. त्यालाच तो ऐकणं म्हणत आला. कान कधी गेले, कोणत्या वर्षी, त्याचा त्याला पत्ता नव्हता. सगळे म्हणत होते इंजिन चांगलं आहे आणि कान गेलेत. इंजिनाचं खोटं निघालं, कानाचं खरं. आता आनंद करावा की रडावं, हेच त्याला कळेना. त्याने मोबाइल परत दिला.

"हां, हाऊच आवाज," तो म्हणाला.

चेन बदलली गेली. घरी महेश सगळ्यांना आबांची गोष्ट तिखटमीठ लावून सांगत होता, आणि हिलाल त्याचे ओठ बघत बसला होता.

पाठवणीच्या वेळी बँड जोरात वाजत होता. सोनाली गळ्यात पडली आणि कानाशी काहीतरी बोलली. प्रमिलाबाई बाजूला हुंदके देत होती. अशा वेळी बाप नुसती मान हलवतो, तशी त्यालाही हलवता आली असती. आजवर तो तेच करत आला होता. पण पोर पुन्हा अशी कधी बिलगणार होती? त्याने तिला दोन्ही खांद्यांना धरून जरा मागे केलं.

"बेटा, माले ऐकू नही येस," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा म्हणाला.

सोनालीने डोळे पुसले. बँडवाल्याला हाताने थांबवलं, आणि त्याला ओठ नीट दिसतील अशी समोर उभी राहून सावकाश म्हणाली, "आबा, तेच सांगी राहिनू. आते तरी कान दाखाडी या."

हिलालला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. "सोमवारे जासू," तो म्हणाला.

ती गाडीत बसली. सकाळपासून उभी असलेली गाडी महेशने सुरू केली, तेव्हा हिलालने डिकीवर तळहात टेकवला. हाताला ती कटकट लागली नाही. मग त्याने हात उचलला आणि गाडीला जाऊ दिलं.