कारीचा खेळ

कोंढा गावचा तेजराम काही वर्षं नागपूरला पोलिसांच्या श्वानपथकात कुत्र्यांचं खाणंपिणं बघायला होता. वडील गेले तसा तो धानाच्या शेतीवर परत आला, पण तिथं पाहून शिकलेलं त्याला स्वस्थ बसू देईना. गावातलीच एक काळी कुत्री त्यानं पाळली. तिला सगळे कारी म्हणत.

शिकवायला दोघं लागत. एकानं लपवायचं, दुसऱ्यानं कुत्रीबरोबर शोधायला जायचं. लपवायचं काम त्याच्या बायकोचं, सत्यभामाचं. लेकरूबाळ नव्हतं, संध्याकाळी दोघांचा हाच विरंगुळा.

"मले तरी सांग, कुठी ठेवलं," तो म्हणायचा.

"तुमाले सांगतलं का तुमचे डोळे तिकडंच जातेत. मंग कारी तुमचे डोळे पायते, नाक नाई लावत."

आधी धानाच्या तणसाच्या ढिगात दुपट्टा, मग बांधाआड सत्यभामा स्वतःच. सापडलं की कारीनं भुंकायचं नाही, समोर गप बसायचं. मग तेजराम तिला गुळाचा खडा द्यायचा. हळूहळू शंकरपटात बैलांच्या शर्यती संपल्यावरही लोक कारीचा खेळ पाहायला थांबू लागले. गर्दीत लपलेला माणूस तिनं हुडकला की सत्यभामा पदर तोंडाला लावून हसायची.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात सत्यभामा पहाटेच बायकांबरोबर मोहफुलं वेचायला जंगलात गेली. उन्हं चढल्यावर बाकीच्या परतल्या. ती पुढं निघून गेली असेल, असं त्यांना वाटलं होतं. दुपार झाली तरी ती घरी नव्हती. तेजरामनं तिचं लुगडं कारीला हुंगवलं आणि तिचा भाऊ इश्वर याला घेऊन तो निघाला.

कारी खुशीत होती. शेपटी हलवत, मधेमधे मागं वळून पाहत ती नाल्यापर्यंत गेली आणि एका झुडपामागं जाऊन बसली.

सत्यभामा तिथंच पडली होती. टोपली उपडी झालेली, घोट्यावर सापाच्या दाताच्या खुणा. अंग थंड पडलं होतं.

इश्वर रडू लागला. तेजराम उभाच होता. कारी त्याच्या तोंडाकडं पाहत वाट बघत होती. त्यानं खिसा चाचपला आणि गुळाचा खडा तिच्यापुढं धरला.

"भाऊजी, हे काय करून रायले तुमी?"

"तिनं शोधलं ना. नाई देलं तर तिले वाटंल, आपलं चुकलं." एवढं बोलून तो बायकोजवळ खाली बसला.

ही गोष्ट इश्वरच्या मनातून गेली नाही. त्यानं बहिणीच्या घरी येणं सोडलं. पुढच्या शंकरपटाला लोकांनी बोलावलं, तेजराम गेला नाही. शेजारच्या शकुनबाईनं विचारलं, "मी लपवू काय काही?"

"नको, वैनी. ती सत्यभामालेच शोधत बसंल."

पुन्हा मोहफुलांचे दिवस आले. बायका नाल्याकडं जायला भीत होत्या. तेजराम कारीला घेऊन पहाटे त्यांच्याबरोबर जाऊ लागला. हातातल्या काठीनं आधी पालापाचोळा हलवायचा, मग जंगलाच्या कडेला बसून राहायचा. शेवटची बाई टोपली घेऊन बाहेर येईपर्यंत तो उठत नसे.

एका सकाळी इश्वर आला. तेजरामजवळ बसला. कारीनं त्याचे पाय हुंगले.

"अजून कोण रायलं आत?" इश्वरनं विचारलं.

"शकुनबाई," तेजराम म्हणाला. "येऊन रायली."