आषाढातला गूळ

महिपतच्या पत्राला भास्कर मास्तरांनी कित्येक वर्षे उत्तर दिले नव्हते, आणि ते पत्र त्यांच्या डोक्यातून कधी गेलेही नव्हते. संगमेश्वरच्या शाळेत महिपत त्यांच्या हाताखाली शिकला होता. खोताची जमीन कसणारा माणूस. पत्रात आडपडदा नव्हता. 'मास्तर, राजाभाऊ आमचे की खोतांचे? तुम्ही सांगाल ते आम्ही धरू.'

राजाभाऊ मास्तरांचे जुने मित्र, कौन्सिलावर निवडून गेलेले; आणि असा प्रश्न पडावा असेच घडले होते. पत्राआधीच्या आषाढात पुण्याला कौन्सिल भरले आणि कुळांच्या बाजूचा ठराव थोडक्या मतांनी पडला. त्यावरचे राजाभाऊंचे भाषण मास्तरांनीच पुस्तके धुंडाळून लिहून दिले होते. पण ते झालेच नाही; राजाभाऊ पुण्याला पोहोचलेच नाहीत. "पावसाळ्यात बोटी बंद. मग काय समुद्र पोहून जाऊ?" राजाभाऊ भर सभेत म्हणाले. लोक हसले, आणि पुढच्या खेपेसही तेच निवडून आले.

मास्तरांना मात्र राहून राहून वाटे, बोटी बंद, पण आंबा घाट? घाट चढून कोल्हापूर गाठले की पुढे पुण्याला आगगाडी. मग स्वतःचाच राग येई. आपण पुस्तकात तोंड खुपसून बसणारे. ज्याला चारचौघांत बोलता येते त्याचा हेवा तर वाटत नसेल ना आपल्याला?

सदतीस सालच्या निवडणुकीआधी राजाभाऊंनी त्यांना घरी बोलावले.

"कौन्सिल गेलं, आता असेंब्ली," सुपारी कातरत ते म्हणाले. "मतदार किती वाढलेत बघ! तुझ्या त्या महिपतलासुद्धा मत. अख्खी वाडी त्याच्या मागनं चालते नि तो तुझ्या. दोन ओळी लिही त्याला."

"काय लिहू?"

"माणूस खात्रीचा आहे, एवढंच. लिहून माझ्याकडे दे. आमचा बाबू टाकील टपालात."

तुझ्याकडे कशाला? मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. जमिनीकडे बघत त्यांनी विचारले, "राजा, तो ठराव पडला त्या आषाढात... आंबा घाटही बंद होता का रे?"

अडकित्ता थांबला. "बंद म्हणजे? दरडीच दरडी. माणूस जाईना!"

राजाभाऊंच्या पत्नी यमुनाबाई गूळपाणी घेऊन आल्या होत्या. "तो आषाढ ना? आमच्या हेमाच्या बारशाचा! भावजी, यांनी नातीची हौस काय केली म्हणून सांगू! बोटी बंद म्हणून मुंबईचं कुणी आलं नाही, तर हे मोटारीनं कोल्हापूरला जाऊन गुळाची ढेप घेऊन आले. निम्मी भिजलेली, पण गोडी काय!"

मास्तरांना ते बारसे आठवले. ठराव पडल्याची बातमी त्याच पंगतीत आली होती, आणि ती ऐकताना आपल्या पानात त्याच गुळाची पुरणपोळी होती.

यमुनाबाई आत गेल्या तसे राजाभाऊ हळू आवाजात म्हणाले, "खोत माझे सोयरे, कुळं माझे मतदार. स्टेशनापर्यंत गेलो होतो रे. पण एकाच्या बाजूनं मत द्यावं तर दुसरा गमवावा लागणार. शेवटी गूळ घेतला नि आलो परत." मग नेहमीसारखे हसून, "लिहिशील ना?"

"लिहितो," मास्तर उठले. "टपालात मीच टाकीन. वाटेतच आहे पेटी."

घरी बरेच कागद फुकट गेले. शेवटी एवढेच उरले: 'चि. महिपत यास आशीर्वाद. तुझ्या पत्राचे उत्तर फार उशिरा देतो. माझी खात्री होत नव्हती. बोटी बंद होत्या, पण घाट चालू होता. राजाभाऊ कोल्हापुरापर्यंत गेले आणि मत न देता परत आले. ते तुमचे नाहीत. मत कोणाला द्यावे हे सांगण्याइतका मी शहाणा नाही.'

टपालपेटीपाशी मास्तरांनी मागे वळून पाहिले. रस्त्यात कोणी नव्हते. त्यांनी पत्र सोडले. पडल्याचा आवाज काही आला नाही. म्हणून दोन बोटे फटीत घालून त्यांनी चाचपले.

पत्र आत गेले होते.