न शमणारा हादरा

लातूरच्या एका छोट्या ऑफिसात जमिनीच्या हादऱ्यांचं गणित करणारा प्रोग्राम चालायचा. गेला आठवडाभर जात्याखाली पीठ साचावं तशी त्याची मेमरी भरत होती, आणि भरली की तो बंद पडत होता.

"अंजूताई, सकाळी बंद करायचं, परत चालू करायचं. आम्ही तेच करून राहिलो," ऑफिसातला शिवप्रसाद म्हणाला. "मेमरीची गळती शोधायला तुम्ही काय नळवाल्या हाय का?"

अंजू हसली, पण शोधत राहिली. हादरा सुरू झाला की प्रोग्राम त्याचे आकडे धरून ठेवी, शमला की सोडून देई. गळती कुठंच नव्हती. एक हादरा शमलाच नव्हता. पायाला कळू नये इतका बारीक. रोज बंद-चालू केलं की प्रोग्राम त्याला विसरे. तिनं आठवड्याच्या नोंदी जोडून पाहिल्या, तर तो रोज वाढत होता. ठिकाण होतं किल्लारी, तिचं माहेर.

तिनं आईला फोन लावला. मागं भांडी वाजत होती.

"पंगत बसलीय गं, शेजारच्या लेकीच्या लग्नाची. अख्खी आळी हाय हॉलात."

"आई, सगळ्यांना बाहेर काढ. आत्ता."

"भरल्या ताटावरून उठवू? लग्नाघरी असलं अभद्र? येडी झालीस का?"

"माझं नाव सांग. लोकं शिव्या मला घालू देत. जमीन हलून राहिली, आई."

आईनं फोन तसाच धरून हाक दिली, "उठा रं बाबांनो, उठा गं बायांनो, हातातला घास खाली ठिवा!"

कुणीतरी हसलं. एकही खुर्ची सरकल्याचा आवाज आला नाही.