सात नळ्या पांढऱ्या

राग माझ्या नाकावरच असतो, हे आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. त्या सकाळी ओळीने सात नळ्या पांढऱ्या झाल्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमच्या कारखान्यात डोळ्यांत घालायची औषधं बनतात. त्यासाठी टाक्यांत साठवलेल्या पाण्यात मीठ नावालाही चालत नाही. तपासणी सोपी. प्रत्येक टाकीतलं पाणी एका नळीत घ्यायचं आणि सिल्व्हर नायट्रेटचे चार थेंब टाकायचे. पाण्यात मीठ असलं की दोघांच्या जोड्या मोडतात, चांदी मिठातल्या क्लोराइडला धरते आणि ही नवी जोडी विरघळायचं नाव घेत नाही. पांढरा साका होऊन दिसते. पण सात टाक्या एकदम कशा बिघडतील? म्हणजे नळ्याच नीट धुतल्या नव्हत्या.

नळ्या धुतो माझा सख्खा मोठा भाऊ. माझ्या कॉलेजची फी भरायला दादा इथे लागला आणि इथेच राहिला. मी शिकून त्याची वरिष्ठ झाले.

"नळाच्या पाण्याने विसळल्यास ना?" मी सगळ्यांदेखत ओरडले. "इतकी वर्षं तेच काम, तरी अक्कल येत नाही!"

"असेल चुकलं," तो खाली बघत म्हणाला.

मी तडक साहेबांना चिठ्ठी लिहिली. साहेबांनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. एवढं होईल असं मला वाटलं नव्हतं, पण माघार कोण घेणार?

जेवणाच्या सुट्टीत तो आपलं कपाट आवरत होता. "बघ, स्वच्छ नळी कशी दिसते ते!" म्हणत मी नव्या खोक्यातली नळी काढली. प्रत्येक तपासणीआधी मी माझ्या टेबलावरच्या बाटलीतल्या शुद्ध पाण्याने नळी विसळते, तेच पाणी तिच्यात ओतलं. चार थेंब टाकले.

पाणी पांढरं झालं.

मग आठवलं. सकाळी टेबल पुसायला मी तीच बाटली नळाखाली धरली होती. नंतर ती ओतून टाकायची राहिली.

"तू पाहिलं होतंस?"

"शेजारीच तर होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"दहा जणांसमोर? अगं, नळ्या काय, मी कुठेही धुईन. तुझ्या नावावर ठपका बसला तर तुला दारात कोण उभं करणार? ओत ते बेसिनमध्ये आणि गप्प बस."

मला भयंकर शरम वाटली. नळी घ्यायला त्याने हात पुढे केला, पण मी दिली नाही. ती नळी आणि बाटली घेऊन साहेबांच्या खोलीत शिरले आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवल्या.

"या बाटलीत नळाचं पाणी आहे. सातही नळ्या याच पाण्याने विसळल्या होत्या."

साहेब साक्याकडे बघत राहिले. "कुणी भरली ही?"

दादा धापा टाकत दारात येऊन उभा होता. "मी, साहेब," तो म्हणाला.

"खोटं बोलतोय तो," मी म्हणाले. "मी भरली."