जिजीचे गुडघे आणि तुतीवरचा खोपा

जिजीचे गुडघे दोन वर्षांपूर्वी खरोखरच दुखले होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई मुळातच खोटारडी. चांगला महिनाभर ठणका होता, मग थांबला. पण तोवर गच्चीवर कपडे वाळत घालायचं काम सुनेकडे गेलं होतं, दुपारचा चहा तिचे यजमान, आबा, स्वतः करून हातात आणून देत होते आणि मुलगा चपलासुद्धा पायापाशी आणून ठेवायचा. दुखणं गेलं, पण ही बडदास्त काही तिला सोडवेना. जिना दिसला की जिजी नुसतं "आई गं" म्हणायची, पुढचं सगळं आपोआप व्हायचं.

आणि हीच जिजी रोज दुपारी, आबा घोरायला लागले की, परसातल्या तुतीच्या खोडाला ठोकलेल्या नऊ पायऱ्या सरसर चढून वरच्या खोप्यात जाऊन बसायची.

खोपा म्हणजे झाडावरचं फळ्यांचं घर. नातवंडांसाठी बांधलेलं. नातवंडं शिकायला लांब गेली आणि घरातले सगळे त्याला विसरले, जिजी सोडून. तिथे तिची एक उशी होती, डॉक्टरांनी बंद केलेल्या बिस्किटांचा डबा होता आणि खुनाच्या कादंबऱ्या होत्या. मुख्य म्हणजे तिथे आबा नव्हते. आबांना पेपर मोठ्याने वाचायची खोड, तीही छोट्या जाहिरातींसकट. चाळीस वर्षं तिने जुन्या फ्रिजांचं आणि हरवलेल्या कुत्र्यांचं वर्णन ऐकलं होतं. सगळ्या घरात तिची स्वतःची म्हणावी अशी तेवढीच जागा होती.

तर एका रविवारी जेवताना आबांनीच विषय काढला. "तो खोपा काढून टाकू या. कुजलाय पार. वापरतंय कोण?"

जिजीची पंचाईत झाली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ठेवा म्हणावं तर कशासाठी ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की गुडघ्यांचं पितळ उघडं पडणार.

"राहू द्या की," ती म्हणाली. "खायला मागतोय का तुमच्याकडे?"

"पडेल कुणीतरी," आबा म्हणाले. एरवी मिठापासून पंख्यापर्यंत सगळ्यात तिचं ऐकणारा माणूस, आज हटूनच बसला. शेवटी मुलगा म्हणाला, "दुरुस्त करायचा की काढायचा, ते सुतारालाच ठरवू दे. उद्या बोलावतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच जिजी चोरपावलांनी परसात गेली, वरचा ऐवज खाली आणायला. तर आबा आधीच झाडाखाली उभे.

"गुडघ्यांना जरा ऊन द्यावं म्हटलं," जिजी म्हणाली.

"दे, दे," आबा म्हणाले आणि त्यांनी हात पाठीमागे घेतले. त्यांच्या अंगठ्याचं नख आठवडाभर काळंनिळं होतं. अंगठा दारात सापडला म्हणे.

सुतार आला, कानावर पेन्सिल खोचून वर चढला, त्याने इकडे तिकडे ठोकून पाहिलं. खाली मुलगा, आबा, जिजी आणि धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीवर निघालेली सून, असे सगळे माना वर करून उभे.

"वर कुणीतरी राहतंय हो," सुतार वरून म्हणाला. पाठोपाठ उशी खाली आली. मग डबा. मग चष्मा, जो हरवला म्हणून जिजीने गेल्याच आठवड्यात सगळ्या घराला कपाटं उपसायला लावली होती.

"कावळा," जिजी म्हणाली. "मेले काय वाट्टेल ते उचलतात."

"आणि उशी?" सुनेने विचारलं.

"थोराड असेल कावळा."

सुनेने डबा उघडून वास घेतला आणि जिजीकडे पाहिलं. ते पाहणं जिजीला अजिबात आवडलं नाही.

"पायऱ्यांचीही कुणीतरी डागडुजी करत आलंय," सुतार उतरता उतरता म्हणाला. "चौथी, सातवी. खिळे नवे आहेत, पण हात सुताराचा नाही. एकूण एक खिळा वाकलाय, मग तसाच आडवा झोडपून बसवलाय."

आता जिजीने आयुष्यात खिळा ठोकला नव्हता. आणि त्या घरातलं घड्याळ, कॅलेंडर, किल्ल्यांची पट्टी, सगळं चाळीस वर्षं वाकड्या खिळ्यांवरच लटकत होतं. तिला आठवलं, चौथी पायरी डुगडुगायची ती एका गुरुवारी अचानक घट्ट झाली होती. बुधवारी सून तिला गाडीतून वाचनालयात न्यायची. घरी फक्त आबा असायचे.

"खोप्याखालची फांदी मात्र आतून पोकळ झालीय," सुतार म्हणाला.

"तेच सांगतोय मी," आबा म्हणाले. "उजवीकडे तर खिळा धरतच नाही."

"तुम्हाला काय माहीत?" मुलाने विचारलं.

आबांना खोकला आला. जिजी त्यांच्याकडे बघत राहिली. म्हणजे हा हट्ट नव्हता तर. ठोकून ठोकून भागेना, तेव्हा माणूस घाबरला होता.

"जमिनीतून दोन खांब देऊन कठडा लावला तर पंधरा वर्षं हलणार नाही," सुतार म्हणाला. "पण वापरणारं कुणी असेल तर. नसेल तर आजच उतरवतो."

जिजीने तोंड उघडलं नाही तर चहा हातात येतच राहणार होता.

"कुणी नाही हो," आबाच म्हणाले. "उतरवा."

आणि तेवढं तिला सोसवलं नाही. हा माणूस अजूनही तिचं झाकत होता.

"मी वापरते," जिजी म्हणाली. "रोज."

"आणि गुडघे?" मुलगा म्हणाला.

"बरे आहेत. दोन वर्षं झाली."

सुनेने कपड्यांची बादली जिजीच्या पायापाशी आणून ठेवली. जिजीने ती मुकाट्याने उचलली आणि आबांकडे वळली. "पण मी वर जायचे तेव्हा तुम्ही घोरत असायचात."

"घोरलो नाही तर तू जायची नाहीस," आबा म्हणाले. "दोन वर्षं घोरतोय. घसा बसला माझा."

शेरास सव्वाशेर. जिजीला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले, त्यामुळे ती उगाच बादलीतला एक शर्ट पिळत राहिली.

सुताराने कानावरची पेन्सिल काढली. "मग खांबांवर वजन किती जणांचं धरू?"

"एकाचं," जिजी सवयीने म्हणाली. मग तिचं लक्ष त्या काळ्यानिळ्या नखाकडे गेलं.

"दोघांचं धरा," ती म्हणाली. "फक्त तुमची हातोडी यांच्या हाती लागू देऊ नका."