कॅप्टनचे बत्तीस आवाज

"इंजिनातून धूर येतोय! उतरायची परवानगी द्या, लवकर!" कॅप्टन घोगऱ्या आवाजात ओरडली, बटण सोडलं आणि शांतपणे सफरचंदाची फोड तोंडात टाकली. काचेपलीकडे शिकाऊ नियंत्रकाला घाम फुटला होता.

कॅप्टन हे टोपणनाव. विमान राहू द्या, तिला स्कूटरसुद्धा चालवता येत नव्हती. मागे बसून नवऱ्याला सूचना तेवढ्या देता येत होत्या. हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राच्या तळमजल्यावर सरावाची खोली होती. तिथल्या पडद्यावर खोटी विमानं उडायची, आणि त्या सगळ्या विमानांचे वैमानिक म्हणून ती एकटी बोलायची. असं एकवीस वर्षं. तिने बत्तीस आवाज घडवले होते. एक झोपाळू, एक घाईतला, एक खोकणारा, एक उगाच वाद घालणारा. घरी तिने हाक मारली की नवरा आधी विचारायचा, "आता कोण बोलतंय? धूरवाला असेल तर मी आलोच."

त्या वर्षी केंद्रात नवी संगणक प्रणाली आली. जुनी पद्धत कागदी पट्ट्यांची होती, एकेका विमानाची माहिती एकेका पट्टीवर हाताने लिहायची. आता विमानाची उंची, वेग, मार्ग सगळं पडद्यावर, विमानाच्या ठिपक्याला चिकटलेल्या छोट्या चौकटीत दिसणार होतं. प्रणाली बसवायला आलेली इंजिनिअर मुलगी दिवसभर प्रणालीच्या चाचण्या घ्यायची, आणि त्याच वेळी केंद्रातला एकेक नियंत्रक सरावाच्या खोलीत नव्या पडद्यावर परीक्षा द्यायचा.

सगळे पास होत गेले. अडकले ते मास्तर.

मास्तर म्हणजे केंद्रातले सगळ्यात जुने नियंत्रक. निम्म्या केंद्राला त्यांनीच शिकवलेलं. त्यांचा भरवसा कानावर. आवाज ऐकला की विमान कुठलं, वैमानिक गोंधळलाय की निवांत आहे, हे ते पट्टीकडे न बघता सांगायचे. नव्या पडद्यावरच्या चौकटींकडे मात्र त्यांची नजर वेळेवर जातच नव्हती. दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा झाले असते तर रवानगी थेट कागदपत्रांच्या विभागात.

"मला नापास व्हायची सवय नाही गं," उपाहारगृहात चहा ढवळत ते कॅप्टनला म्हणाले. "आणि आता सवय लावून घ्यायला नोकरीही फारशी उरली नाही."

"मास्तर, साखर विरघळून दहा मिनिटं झाली," ती म्हणाली. तेव्हा कुठे ते हसले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्या हातात नेमलेला प्रसंग आला. दोन विमानं, 'दोन एक सात' आणि 'दोन सात एक'. नियंत्रक पहिल्याला खालच्या उंचीवर यायला सांगणार, उत्तर मात्र चुकून दुसऱ्याने द्यायचं आणि तेच खाली यायला लागणार. त्याच्या बरोबर खालून तिसरं विमान चाललेलं. शेवटी अधोरेखित केलं होतं: दोन्ही वैमानिकांचा आवाज एकच असावा.

"म्हणजे मास्तरांचा कानच कापलाय," रात्रीचं जेवताना ती नवऱ्याला म्हणाली.

"मग दुसरा वैमानिक जरासा खोकला, तर कोण तुला फासावर देणारे?"

ती घास हातात धरून थांबली. "मला कोणी काही करणार नाही हो. पण उद्या खरा वैमानिक मास्तरांसाठी खोकणार आहे का?"

 नवऱ्याने तिच्या ताटात भाजी वाढली.

सकाळी दहाला परीक्षा सुरू झाली. पाऊण तास मास्तर ठीक चालले होते. मग ते म्हणाले, "दोन एक सात, नऊ हजार फुटांवर उतरा."

कॅप्टनने दुसऱ्या विमानाचं बटण दाबलं. "दोन सात एक, नऊ हजारांवर उतरतोय." तोच साधा, सपाट आवाज. विमान खाली सोडलं.

एक सेकंद गेला. दोन गेले. तिच्या घशात खरोखरच खवखवायला लागलं. तिने ओठ घट्ट मिटले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकला दाबून धरला. काचेपलीकडे मास्तरांनी डोकं किंचित कलतं केलं, काही ऐकू येतंय का बघत असल्यासारखं. मग त्यांनी झटकन मान वर केली. चौकटीतला आकडा अकरा हजारांवरून घसरायला लागला होता.

"दोन सात एक, थांबा! तुम्हाला नाही सांगितलं! अकरा हजारांवरच राहा."

त्यानंतर पडद्यावर टकरीचा धोका सांगणारा लाल इशारा लुकलुकला.

"अरे देवा, हा आधी यायला हवा होता," इंजिनिअर मुलगी उठून उभी राहिली. "मास्तरांपेक्षा चार सेकंद उशीर!"

परीक्षकांनी वही मिटली. "मास्तर पास. यंत्र नापास. त्याला पुन्हा बसवा."

खोलीत हशा पिकला. कॅप्टन मात्र पोटभर खोकून घेत होती. मास्तर तिच्या दारात येऊन उभे राहिले.

"आज तुझ्या आवाजावरून काही म्हणजे काही कळलं नाही."

"कळू नये म्हणून जीव चालला होता माझा."

"ते बरं झालं. कानाला काही मिळेना, म्हणून तर डोळे उघडले," ते म्हणाले आणि तिला पाण्याचा पेला भरून दिला.

इशाऱ्यातली चूक तीन आठवड्यांत निघाली. त्याच सुमारास इंजिनिअर मुलगी खाली आली आणि खुर्चीच्या कडेवर बसली. "कॅप्टन, पुढच्या महिन्यापासून सरावातल्या वैमानिकांचे आवाज संगणकच काढणार."

 कॅप्टनने विचारलं, "खोकता येतं का त्याला?"

"नाही."

"वाद घालता?"

"तेही नाही."

"मग पोरांना काय डोंबल शिकवणार तो? घे तुझं यंत्र जवळ." दोन आठवडे रोज बसून तिने आपले बत्तीसच्या बत्तीस आवाज भरून दिले. झोपाळू वैमानिकाच्या वेळी मुलगी स्वतःच जांभया देत होती. कॅप्टनची बदली वरच्या मजल्यावर, पाळ्यांचं वेळापत्रक लावायच्या टेबलावर झाली. खिडकी मोठी होती, असं तिने घरी सांगितलं.

नवी प्रणाली खऱ्या विमानांसाठी सुरू झाली, त्या सकाळी तिला मुख्य दालनात मागे उभं राहायची परवानगी मिळाली. कोणीतरी तिच्या कानाला जादा हेडफोन लावून दिला. पहिल्या पडद्यावर मास्तर बसले होते. त्यांनी पहिल्या विमानाला उंची सांगितली.

वैमानिकाने परत म्हणून दाखवायचे असतात तसे कॅप्टनच्या ओठांनी ते आकडे आवाज न करता म्हटले. मग दूरवरून कुणा अनोळखी, खऱ्या वैमानिकाचा आवाज आला. तेच आकडे, त्याच क्रमाने. तिने मान हलवली, हेडफोन काढून खुंटीला अडकवला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि आपल्या टेबलाकडे निघाली.