परीक्षितची दिवसाची झोप

आमचे हे, जगन्नाथराव, नागपूरचे रिटायर्ड हेडमास्तर. सूर्य उगवल्यावर घरात कुणी लोळलेलं ह्यांना जन्मात चाललं नाही. आणि मुलगा अमेरिकेत अ‍ॅशबर्नला नाइट शिफ्टवाला, तोही डेटा सेंटरमध्ये, जिथे औषधाला खिडकी नाही. हिवाळ्यात अंधार पडल्यावर जायचा, उजाडायच्या आत यायचा आणि खिडकीला ब्लँकेट ठोकून झोपायचा. उन्हाशी त्याची गाठच पडत नव्हती.

दोन हजार सहाच्या जानेवारीत आम्ही त्याच्याकडे राहायला गेलो. रोज सकाळी हे खिडकीवरचं ब्लँकेट बाजूला सारायचे. "ऊठ परीक्षित, सूर्य डोक्यावर आला." अहो, त्याचा आत्ता कुठे डोळा लागलाय, मी कानीकपाळी ओरडून सांगायची. पण पालथ्या घड्यावर पाणी. पोरगा निमूट उठायचा. कधी उलटून न बोलणारा माझा मुलगा, पण पुढे भांडी आपटायला लागला. एकदा मॅनेजरला फोनवर वाट्टेल ते बोलला आणि नंतर रडत बसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झोप नाही, ऊन नाही, म्हणून मन ताब्यात राहत नाही. दिवसाची शिफ्ट मागा. त्यानं मागितली. महिन्याभरात मिळणार होती. तेवढा महिना आम्हाला काढायचा होता, बस.

दुसऱ्याच सकाळी हे म्हणाले, "डॉक्टरच म्हणतेय ना ऊन हवं?" आणि ब्लँकेटच उपटून काढलं.

तो उठला तो ह्यांच्यावर हात उगारून. जन्मदात्या बापावर. मी मध्ये पडले म्हणून थांबला. "चालते व्हा माझ्या घरातून," म्हणाला. तसंच आम्हाला गाडीत घालून जर्सी सिटीला, त्याच्या बहिणीकडे रेणूकडे, आणून सोडलं. वरसुद्धा आला नाही. माझं काळीज तुटलं.

शिफ्ट बदलली. रात्रभर झोपायला लागला, दुपारचा डबा उन्हात बसून खायला लागला. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला, आवाज अगदी पूर्वीचा.

"आई, बाबांना दे ना. मी न्यायला येतो. तेव्हा मी भानावर नव्हतो गं."

मी फोन घेऊन ह्यांच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, "सुंभ जळाला तरी तुमचा पीळ काही जात नाही. सोडा की राग, लेकरू आहे आपलं."

"राग नाही गं," हे म्हणाले. "चूक माझीच होती. पण मला आता त्याची भीती वाटते."

फोन चालूच होता.

"ठेवतो, आई," परीक्षित म्हणाला.